तिसऱ्या पोस्टिलियनचं दार

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या सरदारी वाड्यावर गेलं की सोबतची मंडळी दिवाणखान्याच्या रांगेत उभी राहतात आणि मी पागेकडे वळते. वाड्यात जे दिसतं ते दाखवण्यासाठीच मांडलेलं असतं. रंगवलेली छतं, पूर्वजांची तैलचित्रं, लांबलचक जेवणाचं टेबल. एवढा मोठा संसार रोज उठून चालायचा कसा, याचं उत्तर मात्र पागेत मिळतं; तेही भिंतींत, फरशीत आणि सांडपाण्याच्या उतारात. शेफिल्डला राहायला आले तेव्हापासून हा नाद लागला. या नादाला शेफिल्डइतकं सोयीचं गाव नाही. चॅट्सवर्थ, वेंटवर्थ वुडहाउस, बोल्सओव्हर हे सगळे वाडे जवळपास, आणि सकाळी लवकर निघालं तर काल्क ॲबीसुद्धा दिवसात होतं.

सुरुवात चॅट्सवर्थपासूनच करायला हवी. डर्बीशायरमधलं हे डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याचं घर. चौथ्या ड्यूकने ठरवलं की वाड्याकडे येणारी वाट पश्चिमेकडून हवी आणि खिडकीतून नजर टाकली तर हिरव्या कुरणाखेरीज काही दिसता कामा नये. मग जुनी पागा पाडली, शेजारच्या गावाचा जो भाग नजरेत येत होता तोही पाडला, आणि नवी पागा बांधायचं काम जेम्स पेन या वास्तुरचनाकाराला दिलं. 1758 ते 1767 च्या दरम्यान ती उभी राहिली. वाड्याच्या ईशान्येला, चढावर, साधारण 190 फूट लांब-रुंद चौक, दोन मजले, कोपऱ्यांवर बुटके बुरूज. दारावर चार भक्कम खांब, त्यावर घराण्याची भलीमोठी दगडी मुद्रा, दोन्ही बाजूंना खऱ्याएवढी दगडी हरणं, आणि त्या दगडी डोक्यांवर खरीखुरी शिंगं बसवलेली. वर घड्याळाचा मनोरा. पहिल्यांदा येणाऱ्याला हाच वाडा वाटला तर त्यात नवल नाही. आत 80 घोड्यांची ठाणं होती, लोहारशाळा होती, आणि वरच्या मजल्यावर धान्याची कोठारं आणि पागेतल्या माणसांच्या खोल्या.

त्या खोल्यांपैकी एकीच्या दारावर रंगाने लिहिलेली दोन शब्दांची अक्षरं शाबूत होती, असं चॅट्सवर्थच्या दिवंगत डचेसनी लिहून ठेवलं आहे. ‘थर्ड पोस्टिलियन’. तिसरा पोस्टिलियन. हे वाचल्यापासून मी कुठल्याही पागेत शिरले की मान आपोआप वर जाते.

पोस्टिलियन म्हणजे गाडीवर न बसता जोडीतल्या डाव्या घोड्यावर स्वार होऊन गाडी हाकणारा. हलक्या अंगाचा माणूस, बहुतेकदा पोरसवदा. दोन घोड्यांच्या मधल्या दांड्यात पाय चिरडू नये म्हणून त्याच्या उजव्या पायाला लोखंडी पट्टी बांधलेली असे. पाऊस असो, बर्फ असो, गाडीत बसलेल्यांच्या गुडघ्यांवर उबदार कांबळं आणि याच्या तोंडावर वारा. त्याच्या दारावर हुद्दा आहे, नाव नाही. कारणही उघड आहे. माणूस बदलला तरी दार रंगवायला लागू नये. आज एक, उद्या दुसरा. तिसरा पोस्टिलियन कायम.

पागेच्या बांधणीत किती विचार असतो हे कळायला मला वेळ लागला, पण कळल्यावर सोडवेना. घोडा दिवसाला 30-40 लिटर पाणी सहज पितो. 80 घोड्यांचं गणित केलं तर रोजचं अडीच-तीन हजार लिटर नुसतं पिण्याचं, शिवाय गाड्या धुण्याचं वेगळं. म्हणून पागेची जागा ठरवताना पाण्याचा विचार आधी होई. फरशी गुळगुळीत असून चालत नाही, नालेचा पाय घसरतो. म्हणून व्हिक्टोरियन काळात निळसर, कठीण भाजलेल्या खाचांच्या विटा वापरल्या जाऊ लागल्या. त्या खाचांतून मूत वाहून जावं इतपत उतार द्यायचा, पण घोड्याला सतत चढावर उभं राहिल्यासारखं होऊन पायाच्या शिरा ताणल्या जाऊ नयेत इतका कमी. हा उतार नेमका किती असावा यावर त्या काळात लोक हिरिरीने वाद घालत. जुन्या पागांमध्ये ठाणांच्या डोक्यावरच गवताचा माळा असे आणि झडपेतून वैरण थेट खाली गव्हाणीत पडे. काम सोपं, पण खालची कोंदट हवा आणि मुताचा उग्र वायू वर चढून गवत नासवतो हे लक्षात आल्यावर नव्या पागांमध्ये छत उंच झालं, वाऱ्याला वाटा मिळाल्या, माळा बाजूला गेला. माणसांच्या खोल्या मात्र बहुतेक ठिकाणी वरच राहिल्या. गवताला न मानवणाऱ्या हवेत ग्रूम, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर, झोपत राहिले, आणि हिवाळ्यात खालच्या घोड्यांच्या अंगाची ऊब मिळते ही त्यातली सोय मानली जाई.

गाडीखान्याची गोष्ट आणखी वेगळी. घोड्याला मोकळी हवा हवी, गाडीला कोरडी. पागेतला तोच वायू गाडीच्या रोगणावर आणि चामड्यावर चढतो, रंग मारतो, पितळ काळवंडवतो. म्हणून पागा आणि गाडीखाना एकाच चौकात असले तरी मध्ये भक्कम भिंत, आणि आतून दार शक्यतो नाहीच. गाडीखान्याचं तोंड उत्तरेला असलेलं बरं, कारण ऊन थेट आलं की रोगणाला भेगा पडतात. समोर फरसबंदी, तिथे गाड्या धुवायच्या. शेजारी साजाची खोली, तिच्यात शेगडी बाराही महिने पेटलेली, कारण ओलसर चामड्याला बुरशी धरते. काचेच्या कपाटांत खोगिरं, लगाम, रिकिबी, पितळी कड्या. मला विचाराल तर सगळ्या चौकातली बसायला सर्वांत चांगली जागा हीच. उबदार, मेण आणि चामड्याच्या वासाची. पागेतली माणसं संध्याकाळी तिथेच जमत असणार, त्यांना दुसरी जागा तरी कुठली होती!

दिवस पहाटे सुरू होई. ठाणातला ओला पेंढा आणि लीद काढायची, पाणी दाखवायचं, ओटची चंदी घालायची, आणि मग खरारा. त्यात नुसता ब्रश फिरवून भागत नसे. पेंढ्याची पिळून घट्ट केलेली जुडी घेऊन घोड्याच्या मानेवर, खांद्यावर, मांड्यांवर जोर लावून थोपटत घासायचं, इतकं की घासणाऱ्याला हिवाळ्यातही घाम फुटावा. आरशासारखी कातडी त्याशिवाय होत नाही. मग फेरी, मग पुन्हा साफसफाई, आणि मोठ्या घरांत तर ठाणातल्या पेंढ्याच्या कडेला नीटस वेणी घालून ठेवायची, धनी पाहुण्यांना घेऊन पागा दाखवायला आले तर दिसावी म्हणून. लीद बागेकडे जाई. ताज्या लिदीच्या उष्णतेवर काचेखाली काकड्या आणि खरबुजं अवेळी पिकवत आणि ती जेवणाच्या टेबलावर अभिमानाने मांडत.

हे शब्द मला पुस्तकातून आले नाहीत. मिरजेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टांगेवाले चाचा राहायचे. खरारा, चंदी, तोबरा, मोतद्दार हे सगळं त्यांच्या तोंडचं. त्यांची घोडी चांदणी. गल्लीतल्या लहान पोरालाही चांदणीचं नाव माहीत होतं, ती कुठल्या पायाने आधी चालते, तिला गुळाचा खडा कसा आवडतो हेही. चाचांचं नाव मात्र गल्लीत कुणाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ते टांगेवाले चाचा होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील टांगेवाले चाचा होते. चॅट्सवर्थच्या त्या दाराबद्दल वाचलं तेव्हा मला आठवले ते हेच.

आणि मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. नॉर्थम्बरलंडमध्ये सिएटन डेलवल हॉल आहे, 1718 पासून दहा वर्षांत सर जॉन व्हॅनब्रूच्या आराखड्यावर बांधलेला. 1822 च्या आगीत मधला वाडा जळाला, पण पूर्वेकडच्या भागातली पागा वाचली. ती नुसती पाहण्यासाठी मैलोगणती जावं अशी आहे. उंच दगडी कमानी, एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा, भिंतीत कोरलेले गवताचे कोनाडे. आणि प्रत्येक ठाणाच्या वर त्या ठाणातल्या घोड्याचं नाव. घोडे जाऊन किती काळ लोटला, नावं अजून वाचता येतात.

वेंटवर्थ वुडहाउसची पागाही अशीच, माझ्या घरापासून अगदी जवळ. यॉर्कचा जॉन कार याने ती 1768 च्या सुमारास बांधायला घेतली, 84 घोड्यांसाठी. मालक रॉकिंगहॅमचा मार्क्विस. तो दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला, पण आज त्याला लोक ओळखतात ते त्याच्या व्हिसलजॅकेट नावाच्या घोड्यामुळे. 1749 मध्ये जन्मलेला, तांबूस अंगाचा आणि फिकट आयाळीचा हा घोडा जॉर्ज स्टब्स या चित्रकाराने 1762 च्या सुमारास रंगवला. जवळजवळ खऱ्या घोड्याएवढा, मागच्या पायांवर उठलेला, मागे ना झाड ना आभाळ, नुसती रिकामी जागा. लंडनच्या नॅशनल गॅलरीने 1997 मध्ये हे चित्र 1 कोटी 10 लाख पौंडांना घेतलं. त्याच्यासमोर उभं राहिलं की दालनातली बाकीची चित्रं दिसेनाशी होतात. सांगतात, की चित्र पुरं होत आलं असताना खऱ्या व्हिसलजॅकेटला ते दिसलं आणि तो समोरच्या घोड्यावर चालून गेला.

मला मात्र स्टब्सचं त्याच घराण्यासाठी काढलेलं दुसरं, लांबट चित्र जास्त आवडतं. त्यात व्हिसलजॅकेट आहे, आणखी दोन घोडे आहेत, आणि त्यांच्याबरोबर उभा आहे मार्क्विसचा मुख्य ग्रूम कॉब. स्टब्सने त्याचा चेहरा घोड्यांच्या चेहऱ्याइतक्याच काळजीने काढला आहे. चित्राच्या नावात कॉबचं नाव आलं, म्हणून तो राहिला. त्याच्या हाताखालचे, रोज पहाटे उठून घोडे घासणारे, ते या चित्रात नाहीत.

याच्याही पलीकडची गोष्ट वेल्समधल्या रेक्सहॅमजवळच्या एर्डिग या वाड्यात आहे. तिथल्या यॉर्क घराण्याने एक विलक्षण रीत पाळली. आपल्या नोकरांची चित्रं काढून घ्यायची आणि त्यांच्यावर कविता करायच्या. सुतार, माळी, दासी, सगळ्यांच्या. इतर कुठल्याही वाड्यात हे इतकं सापडत नाही, आणि त्याबद्दल त्या घराण्याला मी मनापासून मानते. या चित्रांत एक कृष्णवर्णीय कोचबॉय आहे, गाडीबरोबर धावणारा मुलगा, अठराव्या शतकातला. अंगावर देखणा पोशाख, हातात शिंग. पहिल्या फिलिप यॉर्कने त्याच्यावरच्या कवितेची सुरुवातच अशी केली आहे, की याच्याविषयी आमच्यापाशी माहिती फार तुटपुंजी. चित्र काढून घेतलं, भिंतीवर लावलं, आणि दोन पिढ्यांत तो कोण होता हेच विसरलं गेलं. तो कुठून आला, कुणाचा होता, त्याला तिथे कुणी आणलं, हे प्रश्न त्या काळच्या गुलामांच्या व्यापाराकडे बोट दाखवतात. त्या चित्रासमोर मला फार वेळ उभं राहवत नाही, आणि तिथून निघवतही नाही.

घोड्यावर जीव टाकणारे मालक खोटे नव्हते, हेही सांगायला हवं. बोल्सओव्हरचा विल्यम कॅव्हेंडिश सतराव्या शतकातला जाणता घोडेस्वार. त्याने तिथे बांधलेली रायडिंग हाउस म्हणजे छप्पर घातलेलं रिंगण. एका टोकाला नालबंदी, दुसऱ्या टोकाला पागा, आणि वरून पाहायला सज्जा. यादवी युद्धात राजाची बाजू हरली, तो परागंदा झाला, तरी अँटवर्पला राहून घोडा शिकवण्याच्या कलेवर त्याने 1658 मध्ये मोठा ग्रंथ छापला. फ्रान्समध्ये शांतिलीला तर कोंदे घराण्याच्या राजपुत्राने 1719 मध्ये पागा बांधायला घेतली ती 240 घोड्यांची, शिकारी कुत्र्यांची शेकड्यांनी सोय वेगळी, लांबी 186 मीटर. पुढच्या जन्मी आपण घोडा होणार असं त्याला वाटत होतं, अशी दंतकथा आहे. ती खरी असो नसो, इमारत पाहून पटते.

हे जग संपलं कसं, हेही पागेतच वाचता येतं. ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सैन्याने पहिल्या काही आठवड्यांत देशभरातून एक लाखाहून अधिक घोडे ताब्यात घेतले. पाठोपाठ ग्रूम गेले. परत आले ते थोडे, आणि तोवर गाडीखान्यात मोटार येऊन उभी राहिलेली होती. घोडागाडी हाकणारे काही वयस्क कोचमन मोटारीचे शोफर व्हायला शिकले, काहींना ते जमलं नाही. काल्क ॲबीच्या सर व्हॉन्सी हार्पर क्रूने मात्र आपल्या हद्दीत मोटार येऊच दिली नाही. 1924 मध्ये त्याचा मृत्यू झाला तोपर्यंत ही बंदी टिकली. त्यामुळे तिथल्या जुन्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. आजही त्या गाडीखान्यात पाहायला मिळतात. चॅट्सवर्थमधले शेवटचे घोडे 1939 मध्ये गेले. मग तिथे कोठार झालं, गॅरेज झालं. वेंटवर्थच्या पागेत दुसऱ्या महायुद्धानंतर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातल्या मुली कसरती करू लागल्या.

ब्रायटनची पागा खेड्यातल्या वाड्याची नाही, समुद्रकाठच्या राजवाड्याची आहे, पण तिला वगळून मला हा लेख पुरा करता येणार नाही. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या युवराजाने 1803 ते 1808 मध्ये विल्यम पोर्डनकडून ती बांधून घेतली. 80 फूट व्यासाचा, 65 फूट उंच घुमट, हिंदुस्थानी धाटणीचा. खाली गोलाकार सुमारे साठ घोड्यांची ठाणं, मध्ये पाण्याचा हौद, वरच्या सज्जावर ग्रूम. युवराजाचं स्वतःचं घर तेव्हा साधंच होतं; त्यावर घुमट चढले ते 1815 नंतर. घोड्यांना हिंदुस्थानी महाल आधी मिळाला. आणि डिसेंबर 1914 मध्ये त्याच घुमटाखाली खाटा मांडून खऱ्याखुऱ्या हिंदुस्थानी माणसांना आणलं गेलं, फ्रान्स आणि बेल्जियमच्या चिखलात जखमी झालेल्या शिपायांना. राजवाडा, घुमट आणि शेजारची रायडिंग हाउस मिळून झालेल्या या इस्पितळात दोन हजारांहून अधिक शिपाई उपचारांसाठी राहून गेले. जातीधर्माप्रमाणे नऊ वेगळी स्वयंपाकघरं होती, हिंदूंचे आणि मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे होते. जे हिंदू आणि शीख वाचले नाहीत, त्यांना शहरामागच्या टेकड्यांवर अग्नी दिला. त्या जागी 1921 मध्ये स्मारक म्हणून संगमरवरी छत्री उभी राहिली. तिथे दहन झालेल्या 53 जणांची नावं मात्र दगडावर यायला 2010 साल उजाडावं लागलं. तिथे उभं राहून ती नावं वाचताना आपल्या ओठांना ती परकी वाटत नाहीत, एवढंच मला सांगता येईल.

आता बहुतेक पागांमध्ये चहा मिळतो. ठाणांच्या लाकडी फळ्यांमध्ये टेबलं मांडलेली, गव्हाणीत शोभेची फुलं. काही जाणकारांना हे खटकतं. मला मुळीच नाही. चॅट्सवर्थला 1979 मध्ये जुन्या ठाणांमध्ये 90 जणांची बसायची सोय झाली, ती फारशी जमली नाही. पुढे सहाव्या ड्यूकने 1830 च्या दशकात बांधलेल्या गाडीखान्यात 250 माणसांचं रेस्टॉरंट झालं. वरच्या ग्रूमांच्या खोल्यांची घरं झाली, त्यांत चॅट्सवर्थचे कर्मचारी आणि निवृत्त मंडळी राहू लागली. त्या चौकात आज कुणीही कोटाची बटणं न लावता बसू शकतं, पोरं ओरडत पळतात, आणि वाड्याचं तिकीट न काढताही तास काढता येतो. सगळ्या सरदारी आवारातली ही एकच जागा मला आपली वाटते.

शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी चॅट्सवर्थच्या लोकांबरोबर मिळून 1700 ते 1950 या काळात तिथे नोकरी केलेल्या माणसांचा शोध घेतला आहे. पगाराच्या वह्या, हिशेब, पत्रं चाळून निघालेली ती नावं. पुढच्या खेपेला जाण्याआधी मला त्यातली पागेतली माणसं वेगळी काढायची आहेत. कोचमन, ग्रूम, पोस्टिलियन. हुद्द्याच्या क्रमाने लावायची नाहीत, नावाच्या अकारविल्हे लावायची, समोर नोकरीची वर्षं. आणि मग ती यादी रेस्टॉरंटच्या भिंतीवर, मेन्यूच्या फळ्याशेजारी लावता येईल का, असं पत्र तिथल्या व्यवस्थापकांना लिहायचं आहे.